रस्त्यावर नसलेला दगड

आमच्या शाळेच्या मुलींची फुटबॉलची टीम होती, हँडबॉलची होती, खो-खोची होती आणि रिलेचीसुद्धा होती. या सगळ्या टीम मिळून आम्ही बारा जणी होतो. सोमवारी जालन्याला फुटबॉल खेळून आलो की बुधवारी त्याच आम्ही हँडबॉलला हजर. टी-शर्टही तेच, फक्त पाठीवरचे नंबर चिकटपट्टी लावून बदललेले. पंच आम्हाला चेहऱ्यानं ओळखायला लागले होते. एकदा त्यांच्यातल्या एकानं मला हसत विचारलं, "काय बाई, आज काय खेळून राह्यली?" मला खरंच आठवेना. मैदानावर आखलेल्या रेघा बघितल्या आणि मग सांगितलं, खो-खो.

हे हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसायचोही. बदनापूरच्या आमच्या शाळेत खेळाचे सर एकच, आणि तेही अर्धा वेळ भूगोल शिकवायचे. प्रत्येक खेळाची टीम गेलीच पाहिजे असा वरून आग्रह, आणि पळायला तयार असलेल्या मुली बारा. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हे कळल्यावर आई-बापही 'हिलाही घ्या' म्हणून सरांच्या मागे लागायचे, पण त्यांच्या मुली दोन दिवस येऊन तिसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणायच्या. त्या मुलींची मला तेव्हा कीव यायची. आता वाटतं, त्याच हुशार होत्या.

सगळ्या खेळांत फुटबॉल खरा. कारण साधं होतं. आमच्या जिल्ह्यात मुलींच्या फुटबॉलच्या टीम तीन नाहीतर चार. दोन सामने जिंकले की पोरगी थेट विभागावर. कबड्डीत तेवढं पोचायचं तर अर्धा जिल्हा तुडवत जावं लागतं. हा हिशोब सरांनी मांडला आणि माझ्या वडिलांना, म्हणजे पप्पांना, तो बिलकुल पटला. विभागावरून राज्यावर, राज्यावर नंबरात आलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. मला चेंडू आवडायचा की नाही हे या रांगेत कुठंच नव्हतं. आवडायचा, खरं तर. पहिल्या वर्षी फार आवडायचा.

पप्पा रेल्वेत होते. रोज सकाळी आठला त्यांच्या वाट्याच्या रुळावरून चालत जायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असल्या तर हातोड्यानं ठोकायच्या आणि तसंच चालत परत यायचं. त्यांच्याबरोबर कामाला लागलेला एक जण खेळाडू होता. तो दोन-तीन वर्षांत ऑफिसात टेबलाशी बसला. पप्पा उन्हातच राहिले. त्यांनी कधी त्या माणसाबद्दल वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. फक्त मला पळवताना ते त्याचं नाव घ्यायचे.

सकाळी पाचला पळणं. डांबरी रस्त्यावर ट्रक असतात म्हणून पप्पांनी रुळाच्या कडेचा कच्चा रस्ता निवडला होता. मी पुढं, ते मागं मोपेडवर, हेडलाइटचा उजेड माझ्या पायांच्या पुढं पडेल असं अंतर ठेवून. साडेसहाला घरी, आंघोळ, डबा, शाळा. शाळा सुटल्यावर दोन तास मैदान. रविवारी पॅसेंजरनं जालन्याला, तिथं जिल्ह्याच्या निवडलेल्या मुलींचा सराव. सुट्टीचा दिवस नव्हताच. चौदा एप्रिललासुद्धा मी आधी पळून आले आणि मग पांढरा ड्रेस घालून विहारात वंदनेला उभी राहिले. त्रिसरण म्हणता म्हणता उभ्याउभ्या माझा डोळा लागला. मागच्या काकूंनी कोपरानं ढोसलं, तेव्हा सगळे बसलेले होते आणि मी एकटी हात जोडून उभी होते.

त्यावर घरी दोन दिवस चेष्टा चालली. मम्मी म्हणाली, पोरगी लई श्रद्धेची निघाली. मीही हसले. पण त्याच सुमारास काहीतरी बंद पडायला सुरुवात झाली होती, आणि ते मला कळत होतं पण सांगता येत नव्हतं. पाय दुखत होते असं नाही. दुखणं परवडलं असतं. पाय माझे वाटत नव्हते. सकाळी उठून मी ते खाटेवरून खाली ठेवायचे. जेवण कसं झालंय हे विचारलं तर चांगलं म्हणायचे, पण चव कळत नसे. वर्गात फळ्यावरचं वाचायचे आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. पाळी येईनाशी झाली. मम्मीला सांगितलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सामन्यांच्या दिवसांतली एक कटकट गेली.

जिल्ह्याच्या शेवटच्या सामन्यात माझ्या गोलवर आम्ही जिंकलो. चेंडू जाळ्यात गेला, मुली अंगावर येऊन पडल्या, कुणी तरी माझं डोकं धरून हलवत होतं. मी त्या ढिगाखाली पडून विचार करत होते की अजून थोडा वेळ कुणी उठू नये. खाली पडायला मिळालं होतं. आनंद मी शोधला, हे मला नीट आठवतं. घरात चावी शोधतात तसा शोधला. नव्हता. मग मी सगळ्यांसारखे हात वर केले.

विभागाचे सामने महिन्यावर आले तसा माझा वेग कमी व्हायला लागला. सरांच्या हातातल्या घड्याळात ते दिसत होतं. सर वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याकडं एकच औषध होतं. वेग कमी झाला म्हणजे सराव कमी पडतोय. त्यांनी चार फेऱ्या वाढवल्या. मी आणखी मंदावले, तर म्हणाले, "तू अंग चोरून राह्यली. तुझ्यात दम हाय, म्या पाह्यलाय." पप्पांनी मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी खेळाडूचे व्हिडिओ बघून सकाळी चढावर पळणं सुरू केलं. मम्मीनं बीट, गूळ-शेंगदाणे, रोज दोन अंडी. प्रत्येकानं आपापल्या परीनं भर घातली. काढून घ्यावं असं कुणालाच सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मीच संध्याकाळी सगळ्या गेल्यावर दोन फेऱ्या जास्तीच्या मारायचे, कारण सगळ्यांसारखं मलाही वाटत होतं की मी आळशी झालेय. या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, अजूनही.

एकदा मात्र मी बोलले. सकाळी मोपेड काढताना पप्पांना म्हणाले, "पप्पा, आज न्हाई जमत. दमल्यासारखं होऊन राह्यलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "आता महिनाच राह्यला, बेटा. मंग काय झोपायचं ते झोप," म्हणाले. "चल जल्दी, उजाडून राह्यलं."

चूक होती का ती? त्यांना स्वतःला पंचवीस वर्षांत एकदाही 'आज जमत नाही' म्हणता आलं नव्हतं. रुळावर कुणी तरी चाललंच पाहिजे. मी गेले आणि पळाले.

उजव्या नडगीच्या आतल्या कडेला एक जागा होती, बोटभर. आधी पळताना दुखायची, मग चालताना, मग नुसती बसले तरी. मी त्यावर दुखण्याचा स्प्रे मारायचे आणि मोजा वर ओढायचे. कुणाला दाखवलं असतं तर बघितलं असतं त्यांनी, असं नाही की कसाई होते. पण दाखवायचं म्हणजे पुन्हा बोलायचं, आणि बोलायला लागणारी ताकद मी पळायला वापरत होते.

मग ती सकाळ. थंडी होती, अंगात जॅकेट होतं. नेहमीचा रस्ता, मागं मोपेडचा आवाज. रस्ता सपाट होता. एवढं मी नक्की सांगते, कारण उजेड माझ्या पुढ्यात होता आणि मी खालीच बघत होते. उजवा पाय टेकला आणि आत काहीतरी सुटलं. आवाज आला नाही. मी दोन पावलं तशीच गेले आणि रस्त्यात बसले.

पप्पा मोपेड टाकून धावत आले. "काय झालं? काहून बसली?"

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा हेडलाइटच्या उजेडात अर्धाच दिसत होता. मला म्हणायचं होतं की मी दमलेय. तो शब्द मी एकदा वापरून बघितला होता. म्हणून मी म्हणाले, "दगड."

बस. एक शब्द. त्यांनी रस्त्यावर इकडंतिकडं बघितलं, मला उचललं आणि मोपेडवर बसवलं. एरवी ट्रकच्या भीतीनं टाळायचे त्या डांबरी रस्त्यानं मला जालन्याला घेऊन गेले.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि बोटानं दाखवलं. केसासारखी चीर. पप्पा जवळ जाऊन बघायला लागले. "रुळाला बी अशीच जाती," म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली आणि मला विचारलं की किती पळतेस. पप्पांनीच सांगितलं, सकाळचं, संध्याकाळचं, रविवारचं, सगळं अभिमानानं. डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "हे एका दिवसात होत नसतं. हाडाला भरून यायला वेळच मिळाला नाही."

"न्हाई साहेब, दगड व्हता," पप्पा म्हणाले. "विचारा तिला."

डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले. ते माझ्याकडं बघत राहिले, मला वाटतं त्यांना कळलं होतं. पण बाहेर रांग होती. सहा आठवडे पाय टेकायचा नाही आणि त्यानंतर सहा आठवडे पळायचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. विभागाचे सामने अकरा दिवसांवर होते.

पप्पांचं तोंड उतरलं. दवाखान्याच्या बाकावर ते बसले आणि हातातली मोपेडची किल्ली बराच वेळ बोटांवर फिरवत राहिले. त्यांच्या शेजारी मी प्लास्टर वाळायची वाट बघत बसले होते, आणि मला आनंद झाला होता. जो त्या गोलच्या वेळी सापडला नव्हता, तो. मी तोंड पाडून बसले आणि आतून मला हसू येत होतं. पहिल्या आठवड्यात मी इतकी झोपले की मम्मी घाबरून नाकाशी हात धरून बघायची.

टीम विभागावर माझ्याशिवाय गेली आणि पहिल्याच सामन्यात हरून आली. मुली मला भेटायला आल्या. एक जण म्हणाली, "तू असती तर..." मी प्लास्टरवर तिला नाव लिहायला पेन दिलं. वाईट वाटायला हवं होतं, हे मला समजत होतं. वाईट वाटायचीही वाट बघितली मी. काही आलं नाही.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड बराबर जुळलंय, आता हळूहळू चालू लागा. मी लंगडायला लागले. पहिले काही दिवस खरंच पायात जोर नव्हता. पुढचे पाच महिने होता, तरी लंगडत राहिले. घरात कुणी नसलं की मी सरळ चालायचे, पायऱ्याही दोन-दोन चढायचे, आणि दाराची कडी वाजली की उजवा पाय ओढायचे. कधी कधी घाईत पाय चुकायचा आणि मी डावा ओढायचे. कुणाच्या लक्षात आलं नाही. सरांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. पुढच्या वर्षी माझ्या जागी नववीतली एक मुलगी आली. माझी दहावी झाली, आणि पाय आपोआप बरा झाला असं सगळ्यांना वाटलं.

इथपर्यंत मी खोटं बोलले याचं मला फारसं काही वाटत नाही. पुढचं वाटतं.

मी प्लास्टरमध्ये झोपलेली असताना पप्पा एका रविवारी घमेलं घेऊन त्या कच्च्या रस्त्यावर गेले. मी बसले होते तिथपासून दोन्ही बाजूंना त्यांनी दगड वेचले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मग म्हणाले, पोरी मैदानावर बी पळतात, आणि शाळेचं मैदान धरलं. मुरमाचं मैदान, दर पावसात नवे दगड वर येतात. सुरुवातीला सर मदतीला आले, ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्यांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. नंतर पप्पा एकटेच. ते जे दगड उचलायचे ते कुणाला ठेचही लागणार नाही इतके बारीक असायचे.

पाहुणे आले की हमखास विषय निघायचा. "पोरगी राज्यावर गेल्ती म्हणून समजा," पप्पा सांगायचे. "रस्ता म्या निवडला. जिंदगी गेली रूळ पाहण्यात, कुठं काय सैल झालं ते, आन् पोरीच्या पायाखालचा दगड दिसला न्हाई." पाहुणे च्च्च करायचे. मी चहाचे कप उचलून आत जायचे. सांगावं तर त्यांच्या डोक्यावरून एक दगड उतरून अख्खं डोंगराएवढं ओझं चढणार, कारण मग दोष रस्ता निवडण्याचा नाही, पळवण्याचा. न सांगावं तर ते दर रविवारी वाकून दगड वेचणार. मी न सांगण्यात आठ वर्षं काढली. त्यात मोठेपणा काही नव्हता. न सांगणं सोपं होतं.

आता मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. दिवसभर खुर्चीवर बसायचं काम आहे आणि मला ते आवडतं. पप्पा निवृत्त झालेत. गुडघे गेलेत त्यांचे. गेल्या हिवाळ्यात मम्मीचा फोन आला की ते मैदानावर वाकले आणि त्यांना उठता येईना, पोरींनी धरून उठवलं. "तूच सांग त्यान्ला," मम्मी म्हणाली. "माझं ऐकून न्हाई राह्यले."

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मुली पळत होत्या. एक बारीकशी मुलगी सगळ्यांच्या मागं होती आणि खेळाच्या नव्या मॅडम तिला ओरडून सांगत होत्या की अजून दोन फेऱ्या. पप्पांनी खाली बसत, हातावर जोर देत, घमेलं पुढं सरकवत दगड वेचायला सुरुवात केली. मी थोडा वेळ वेचले. मग उभी राहिले.

"पप्पा, दगड न्हवता."

"कुठं?"

"माझ्या पायाखाली. त्या दिवशी. रस्ता चांगला होता. मी खोटं सांगितलं."

त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं. "मंग पाय?"

"पळून पळून मोडला. डॉक्टर सांगत होते तेच खरं होतं. मी लई दमल्ते पप्पा. आन् प्लास्टर काढल्यावरही लंगडायचं नाटक केलं. पाय बरा होता."

त्यांनी हातातला दगड घमेल्यात टाकला. आणखी एक उचलला, तोही टाकला. पलीकडं शिट्टी वाजली. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही.

"तवाच काहून न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

आता ते म्हणतील, थांबवलं असतं बेटा, हे मला माहीत होतं. कुठलाही बाप हेच म्हणेल. मी ते ऐकून घ्यायची तयारीही केली होती, मान हलवायची, त्यांना हाताला धरून उठवायचं आणि घरी जायचं. पण त्यांनी खरोखर विचार केला. एक्स-रेकडं बघितलं होतं तसं, डोळे बारीक करून.

"पळायलाच लावलं असतं," ते म्हणाले. "म्हणलं असतं, नाटकं करून राह्यली."

मी तिथंच त्यांच्या समोर मुरमात बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. मैदानावरच्या मुली थांबून बघायला लागल्या, त्या मागं राहिलेल्या मुलीलाही त्यामुळं दम खायला मिळाला. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी भित्री होते म्हणून खोटं बोलले. तसं नव्हतं. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी मी पळतच राहिले असते, आणि याचा साक्षीदार एकच माणूस होता, माझ्या समोर बसलेला. त्यानं स्वतःला वाचवायला खोटं सांगितलं नाही.